तुटक्या कानाचं सिंहासन

कुठल्याही लग्नाला गेले की मी आधी खुर्ची हलवून बघते. पाय नीट टेकतात का, पाठ तडकलेली नाही ना, कव्हरखाली काही सांडलेलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय माझ्याच्यानं बसवत नाही. शेजारच्या बायका माझ्याकडे बघतात. माझी मुलगी तर ओळख नसल्यासारखी दुसऱ्या रांगेत जाऊन बसते. बसू दे. ही सवय मला मोताळ्याच्या सुखदेवमामांनी लावली, आणि त्यांनी मारलेली कुठलीच गाठ सहजासहजी सुटत नाही.

मोताळ्याच्या जिल्हा परिषद शाळेत मी बरीच वर्षं शिकवत होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायचे. समोरच्या घरात सुखदेव इंगळे. गावातल्या एका बिछायत केंद्रावर ते कामाला होते. मांडव घालायचा, जाजम अंथरायचं, खुर्च्या मांडायच्या, पंखे लावायचे आणि पाहुणे पांगले की ते सगळं उचलून पुन्हा गोदामात न्यायचं. अंगानं काटक, मिशी मात्र भरघोस, आणि खांद्यावर सुतळीचं भेंडोळं. ते भेंडोळं ते बँकेत जातानासुद्धा काढत नसत.

कुठलीही मोकळी जागा दिसली की तिथं केवढा मांडव बसेल हेच त्यांना आधी दिसायचं. आमच्या शाळेत पहिल्यांदा आले तेव्हा पटांगणाच्या मध्यभागी उभे राहिले, गोल फिरून सगळीकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "शाळा एक नंबर हाये तुमची, मॅडमबाई. हजार पान आरामात जेवून उठते इथं." शाळेचं याहून चांगलं कौतुक मी कुठल्याही अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मला ते मॅडमबाई म्हणत. नुसतं मॅडम म्हणणं त्यांना कोरडं वाटायचं आणि नुसतं बाई म्हणणं कमी वाटायचं, म्हणून दोन्ही.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "लग्नसराईत मले सुट्टी कुठी भेटते? अन् लग्नसराई सरली का पोरगी कोन देते?" यावर ते स्वतःच इतके हसायचे की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जायचा. सगळ्या तालुक्याच्या लेकीसुना त्यांच्या मांडवातून सासरी गेल्या होत्या.

त्यांचा नेम एकच होता. माणूस आला की आधी खुर्ची, मग विचारपूस. खुर्ची द्यायची, ती हातानं पुसायची, आणि म्हणायचं, "बसा, आपलंच घर हाये." हे ते गोदामाच्या दारात म्हणत, तसंच परक्याच्या मांडवातही म्हणत. एका लग्नात तर त्यांनी नवरीच्या बापालाच हे ऐकवलं. सगळे हसले. पण तो बाप पहाटेपासून उभा होता. तो मुकाट्यानं बसला, पाणी प्यायला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला.

स्वतः मात्र ते मांडवातल्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. जेवायचे ते कनातीमागे उकिडवे बसून. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "हे बसवाची वस्तू हाये, मॅडमबाई. बसाची नाई." त्यांच्या गोदामात नवरा-नवरीचं एक लाल मखमली सिंहासन होतं. दोन्ही हातांवर सोनेरी सिंहांची तोंडं, त्यातल्या डाव्या सिंहाचा कान कुठल्याशा वरातीत तुटलेला. त्या सिंहासनाला तर ते खालून हात लावूनच उचलत, मखमलीवर बोटसुद्धा पडू देत नसत.

त्यांच्या या नेमाची ताकद मी उंद्री गावी पाहिली. आमच्या शाळेतल्या एका सरांच्या मुलीचं लग्न होतं आणि बिछायत मोताळ्याहून नेली होती. ऐन अक्षतांच्या वेळी नवरीचा मामा रुसला. मानाच्या टोप्या देताना त्याच्या आधी दुसऱ्याच कुणाला तरी टोपी घातली गेली, असं काहीतरी झालं. तो तरातरा जाऊन रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली उभा राहिला. भटजी माईकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे" म्हणतायत, आणि मुलीचे मामा कडुनिंबाखाली बिडी ओढतायत. घरातली मोठी माणसं एकामागून एक समजवायला गेली. कुणी हात जोडले, कुणी दटावलं. तो जास्तच फुगला.

सुखदेवमामा तेव्हा शिडीवर झालर बांधत होते. ते उतरले, कव्हर घातलेली एक खुर्ची घेतली, कडुनिंबाखाली नेली, पुसली आणि म्हणाले, "बसा, आपलंच घर हाये." बस्स. टोपीचा विषय नाही की अक्षतांचा नाही. मग मांडवातला एक उभा फर्राटा पंखा ओढत नेला आणि त्याच्या तोंडावर सोडला. तांब्या भरून आणला. तो माणूस एवढ्या मोठ्या झाडाखाली एकटाच खुर्चीवर बसलेला, समोर पंखा भणभणतोय. थोड्या वेळानं त्यालाच कसंतरी व्हायला लागलं. बिडी विझवून तो उठला आणि म्हणाला, "चला, पोरगी वाट पाहून राह्यली असन." सुखदेवमामांनी खुर्ची उचलली आणि ते परत शिडीवर चढले.

तेव्हा त्यांना अजून कुणी मामा म्हणत नव्हतं. ते नंतर झालं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांची धाकटी बहीण लता आणि मेहुणे, दोघंही गेले. एका आठवड्याच्या आत. लताची लेकरं, वैष्णवी आणि सार्थक, मोताळ्याला आली तेव्हा वैष्णवी चौथीत होती आणि सार्थक अजून शाळेत जायचा होता. दोघं हातात पिशव्या धरून अंगणात उभी होती. त्यांना कुणी जवळ घ्यावं, काय बोलावं, काही कळत नव्हतं. मी माझ्या दारात उभी राहून रडत होते. सुखदेवभाऊ घरात गेले. त्यांच्याकडे खुर्ची नव्हती, कधीच नव्हती, म्हणून ते धावत गल्लीच्या टोकाच्या टपरीवरून दोन स्टुलं घेऊन आले. पुसली. त्या एवढ्याशा पोरांसमोर ठेवली आणि म्हणाले, "बसा, आपलंच घर हाये."

त्या दिवसापासून आधी ती दोघं, मग गल्ली, मग अख्खं गाव त्यांना मामा म्हणू लागलं.

मामांचा संसार सुरू झाला आणि आम्हा समोरच्यांची करमणूकही. भाकरी त्यांना जमायची नाही. तिला कडा यायच्या त्या नकाशातल्या राज्यांसारख्या, आणि सार्थक रोज सांगायचा की आज कुठलं राज्य झालंय. वैष्णवीच्या वेण्या मामाच घालायचे. आता मांडववाल्याचा हात. त्याला सैल बांधणं ठाऊकच नाही. मांडव वाऱ्यानं उडू नये म्हणून बल्लीला, म्हणजे मांडवाच्या लाकडी खांबाला, जी गाठ मारतात तीच गाठ ते रिबिनीला मारायचे. पोरगी भुवया ताणलेल्या चेहऱ्यानं शाळेत यायची, दिवसभर चकित झाल्यासारखी दिसायची. एकदा कवायतीच्या वेळी तिची रिबीन सोडवायला आम्ही तीन शिक्षिका लागलो. शेवटी कात्री आणली. संध्याकाळी मामा दारात हजर.

"मॅडमबाई, गाठ कापली म्हने तुम्ही."

"मग काय करू? सुटेना."

"सुटाची नसतेच थे," ते अभिमानानं म्हणाले. "वादळात नाई सुटत, तुमच्यानं काय सुटन?"

मी त्यांना माझ्या ओट्यावर बसवून फुलाची सैल गाठ शिकवली. शिकले, पण त्यांचा तिच्यावर विश्वास कधी बसला नाही. पोरगी निघाली की ते मागून हळूच ओढून बघायचे.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं तरी त्यात एक टोचणी होती. मांडवाचं काम म्हणजे लग्नसराईचं काम. आषाढ लागला की गोदामाला कुलूप. थेट तुळशीचं लग्न होईपर्यंत हातात काही नाही. एरवी हे महिने मामा चहा आणि चणे-फुटाण्यांवर काढायचे. आता दोन लेकरं होती. पहिला पावसाळा उसनवारीवर निघाला.

म्हणून पुढचा उन्हाळा सरता सरता नातेवाइकांची बैठक बसली. मुलांचे काका साखरखेर्ड्याहून आले होते, पुरुषोत्तमराव. माणूस वाईट नव्हता. त्यांची स्वतःची तीन लेकरं, घर तेवढंच. ते म्हणाले, "मी सार्थकला नेतो. दोघांना नेणं मला झेपायचं नाही, खोटं कशाला बोलू? पोरीला वसतिगृहात घालू. तिथं शिक्षण होतं, जेवण होतं. सुखदेवभाऊ, तुम्ही एकटे, पावसाळाभर बसून. कसं करसाल?"

 मामा सुतळीचं टोक उलगडत राहिले. कनातीसारख्या टांगलेल्या साडीमागे वैष्णवी सार्थकला छातीशी धरून ऐकत होती, हे मला दिसत होतं.

मी बोलले, कारण मला राहवलं नाही. आईबाप गेलेल्या मुलांना नातेवाईक सांभाळत असतील तर सरकारकडून दरमहा मदत मिळते, बालसंगोपनाची, हे मला शाळेमुळे माहीत होतं. ती सुरू झाली तर पावसाळ्याची चिंता मिटेल, असं मी सांगितलं. पुरुषोत्तमरावांनी मान हलवली. ठरलं असं की दिवाळीपर्यंत वाट बघायची. मदत सुरू झाली तर दोघं इथंच. नाही झाली तर भाऊबीज झाल्यावर सार्थक साखरखेर्ड्याला आणि वैष्णवी वसतिगृहात.

अर्ज गेला. दाखले जोडले. आता घरी येऊन परिस्थिती पाहायला बुलढाण्याहून साहेब येणार होते, वानखडे नावाचे, नुकतेच नोकरीला लागलेले. तो दिवस मला जन्मात विसरता येणार नाही.

मी मधल्या सुट्टीत घरी आले तर गल्लीच्या तोंडाशी कमान. वर "सुस्वागतम्". पुढे लाल गालिचा, थेट मामांच्या दारापर्यंत. घराच्या विटांची भिंत गुलाबी-पांढऱ्या चुण्यांच्या पडद्यानं झाकलेली, वर सोनेरी झालर. एका बाजूला कव्हर घातलेल्या खुर्च्यांची रांग. फर्राटा पंखा. थंड पाण्याचा जार. आणि मधोमध ते लाल सिंहासन, आणि त्यावर वानखडे साहेब बसलेले, दोन्ही हात सिंहांच्या डोक्यावर ठेवून, थोडे गोंधळलेले. त्यांच्यापुढे ताटात भजी, शिरा आणि केळी.

गोदाम बंदच होतं. मालकानं "ने बे, हवा लागन सामानाले" म्हणून किल्ली दिली होती.

मी मामांना बाजूला ओढलं. "अहो, हे काय करून ठेवलंत? लग्न आहे का कुणाचं?"

"काऊन? सायेब येऊन राह्यले घरी! मांगच्या जन्मी तरी आल्ते का?"

"मामा, ते तुमची गरिबी बघायला आलेत!"

मामा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी काही घाणेरडं बोलले. "पाहुण्याले गरिबी दाखवाची असते का, मॅडमबाई?"

नियमाप्रमाणे घरासमोर मुलांसोबत फोटो काढायचा होता. साहेबांनी तो काढला. मी तो पाहिला आहे. चुण्यांचा पडदा, झालर, गालिचा, आणि सिंहासनावर वैष्णवी-सार्थक इस्त्रीच्या कपड्यांत. मागे मामा हात बांधून, एखाद्या राजवाड्याच्या दिवाणजीसारखे. "काम काय करता?" या प्रश्नाला त्यांनी "बिछायतीचं" असं उत्तर दिलं, आणि समोर एवढं सामान पाहून साहेबांची समजूत झाली की बिछायत केंद्र यांचंच आहे. जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. माणूस शिरा खाऊन, धन्यवाद म्हणून गेला.

महिन्याभरानं मामा चौकशीला बुलढाण्याला जाऊन आले. संध्याकाळी माझ्या ओट्याच्या खाली उकिडवे बसले. 

"काय म्हणाले?"

"नाई म्हने." मग मिशीतल्या मिशीत हसू आवरत म्हणाले, "सायेब म्हने तुमची परिस्थिती चांगली हाये. आपल्याले असं कोनी कधी म्हनलं नव्हतं, मॅडमबाई." हसू तिथंच मोडलं. पंच्यानं तोंड पुसून ते उठले आणि घरात गेले.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागे लागले. साहेबांना जाऊन सांगा, ते सामान गोदामातलं होतं. एवढंच वाक्य. गल्लीतल्या बायकांनीही सांगून पाहिलं. मामा बधेनात.

"पाहुण्याले आता सांगू, का तुम्ही उसन्या खुर्चीवर बसले? जेवू घालून मंग ताट मोजल्यासारखं होते थे."

"मग पोरगा साखरखेर्ड्याला गेला तरी चालेल?"

ते उठले आणि चूल पेटवायला गेले. पण त्या रात्रीपासून सार्थक त्यांच्या पाठीला चिकटून झोपायला लागला, आणि मामा कूस बदलत नाहीत, असं वैष्णवीनं मला शाळेत सांगितलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण गणपती उठले होते आणि दिवाळी जवळ येत होती.

मी स्वतःच साहेबांना फोन करायचं ठरवलं होतं. तेवढ्यात सरकारी योजनांची माहिती द्यायचा एक कार्यक्रम मोताळ्यात ठरला. आमच्या मुली स्वागतगीत म्हणणार होत्या, त्यात वैष्णवीही, म्हणून मी हजर. गोदामाचं कुलूप त्यासाठी निघालं, आणि मांडव अर्थातच मामांचा. मंचावर मान्यवरांसाठी खुर्च्या कमी पडल्या म्हणून ऐनवेळी तेच लाल सिंहासन आणलं गेलं, आणि सर्वांत तरुण म्हणून तिथं बसायला सांगितलं वानखडे साहेबांना.

पहिलं भाषण लांबलं. साहेबांचा हात सवयीनं सिंहाच्या डोक्यावर गेला. तिथं थांबला. मी समोरच होते, मला सगळं दिसत होतं. बोटांनी त्यांनी चाचपलं. मग मान वाकवून पाहिलं. डावा सिंह, कान तुटलेला. त्यांनी नजर वर करून झालरीकडे पाहिलं, गुलाबी-पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं, फर्राटा पंख्याकडे पाहिलं. आणि मग त्यांना खांद्यावर पाण्याचा जार घेऊन मंचाकडे येणारे मामा दिसले. मामांनीही त्यांना पाहिलं. एवढा वजनदार जार खांद्यावर घेऊन माणसाला लपता येत नाही, नाहीतर ते नक्की लपले असते.

जेवणाच्या वेळी साहेब त्यांच्याजवळ आले. "सुखदेवभाऊ, हे सिंहासन तुमचंच ना?"

मामा जाराकडे बघत म्हणाले, "मालकाचं हाये, सायेब. मी फक्त उचलतो."

"आणि त्या दिवशीचा गालिचा?"

"थो बी मालकाचाच."

"कमान?"

मामांनी मान खाली घातली. साहेबांना जे हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता त्यांनी मामांच्या खांद्यावर, सुतळीच्या भेंडोळ्यावर हात ठेवला. "पुन्हा येतो मी घरी. पण कधी येणार ते सांगणार नाही."

ते आले रविवारी, दुपारी. मामा चुलीपुढे भाकरी थापत होते. साहेबांना दारात पाहताच पिठाच्या हातानं उठले आणि निघाले गोदामाकडे. मी हे होणार हे ओळखून होते. मी समोरून धावत आले आणि त्यांच्या दारात आडवी उभी राहिले.

"मॅडमबाई, सरका."

"नाही सरकत."

"अवो सायेब उभे हाये!"

"सुखदेवभाऊ," साहेब म्हणाले, "घरात खुर्ची आहे का?"

मामांना ते उत्तर द्यायला जेवढे कष्ट पडले तेवढे भर उन्हात सिंहासन एकट्यानं वाहायलाही कधी पडले नसतील. "नाई, सायेब," ते म्हणाले. "नाई हाये."

"मग मी खालीच बसतो." आणि ते चटईवर मांडी घालून बसले.

सार्थकनं त्यांना तव्यावरची भाकरी दाखवून सांगितलं की आज गुजरात झालंय. वैष्णवीनं आपली खोली दाखवली. खोली म्हणजे घराच्या कोपऱ्यात जुन्या कनातीचे तुकडे जोडून मामांनी बांधलेला आडोसा. आत एक फळी, फळीवर पुस्तकं, दप्तर अडकवायला बल्लीचा हूक, आणि वरून, पोरीची खोली म्हणून, सोनेरी झालर. साहेब ती झालर बघत बराच वेळ उभे राहिले. त्यांनी गुळाचा चहा घेतला, गुजरातमधला एक तुकडा खाल्ला, आणि निघताना घरासमोर नवा फोटो काढला. विटांची भिंत, दोन लेकरं, आणि मध्ये पिठाच्या हाताचे मामा.

दिवाळीच्या आधी मदत मंजूर झाली. दोघांचीही. मी आनंदानं पेढे घेऊन धावले तर मामा कुरकुरतच होते, "थे समदं ठीक हाये. पन सायेबाले खाली बसवलं मी." ही खंत त्यांना पुढे कायम राहिली.

भाऊबीज झाल्यावर पुरुषोत्तमराव ठरल्याप्रमाणे आले. मामांनी टपरीवरून स्टूल आणलं, पुसलं. काका बसले. मंजुरी आल्याचं त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी सार्थकला जवळ घेऊन विचारलं, "येतोस का रे माझ्याबरोबर?" पोरानं मामांच्या पंच्याचं टोक मुठीत धरलं आणि सोडलं नाही. काकांनी ती मूठ बघितली. "राहू द्या," ते म्हणाले, "ही गाठ काही सुटायची नाही." त्यांनी पोत्यातून आणलेली ज्वारी दाराशी उतरवली. तेव्हापासून दर वर्षी ते एक पोतं घेऊन येतात.

मदतीच्या पैशाबाबत मामांचा कायदा कडक होता. "हे लेकराइचे. माझं पोट मांडवात भरते." वैष्णवीला त्यातून चष्मा आला, सार्थकला बूट आले, पावसाळ्यात दूध आलं. घरात खुर्ची मात्र आली नाही. मी सुचवलं की, एक तरी घ्या, तर म्हणायचे, "गोदाम भरून हाये न."

मागच्या उन्हाळ्यात माझी बदली बुलढाण्याला झाली. निरोप समारंभाला मामांनी स्वतः मांडव घातला. मालकाला म्हणाले, हा मांडव माझ्या मजुरीतून कापा. मालक म्हणाला, चल बे, आणि त्यानं काही कापलं नाही. मला त्यांनी त्या सिंहासनावर बसवलं. मी नको नको म्हणत होते. त्यांनी मखमल पुसली, हात जोडले, म्हणाले, "बसा मॅडमबाई, आपलंच घर हाये," आणि पुढे भाषणात मी जे बोलले त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. डाव्या हाताखाली तो तुटका कान मात्र आठवतो.

समारंभ आटोपला. पोरं पांगली. माझं सामान भरलेला टेम्पो शाळेच्या फाटकाशी सुरू झाला होता. मी बसले आणि मागे वळून पाहिलं. पटांगणात मांडव अर्धा उतरला होता, कनाती खाली आल्या होत्या, खुर्च्यांच्या चवडी लागल्या होत्या. मधोमध सिंहासन तेवढं राहिलं होतं. मामा ते उचलायला वाकले होते आणि वैष्णवी-सार्थक त्यांना उचलू देत नव्हती. काहीतरी झटापट चालली होती. वैष्णवी आता त्यांच्या खांद्याला लागते. तिनं त्यांच्या खांद्यावरचं सुतळीचं भेंडोळं काढून घेतलं. सार्थकनं शर्टाच्या बाहीनं मखमल पुसली. मग दोघांनी मामांना दोन्ही दंडांना धरून मागे ढकललं, आणि मोकळ्या पटांगणात वैष्णवीचा आवाज फाटकापर्यंत खणखणीत आला.

"बसा न मामा. आपलंच घर हाये."

टेम्पोवाला गिअर टाकत होता. मी त्याला म्हटलं, थांब जरा. मामा बसले. अगदी काठावर, पाठ न टेकता, कुणी ऊठ म्हणेल की काय अशा बेतानं, पिठात-मातीत राबलेले हात कुठं ठेवावेत ते न कळून मांडीवर धरून. एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला पोरगा. मग सार्थकनं त्यांचा डावा हात उचलला आणि सिंहाच्या डोक्यावर ठेवला.